उसाच्या गाडीला मोटारीचा आस

१४ नोव्हेंबर १९९८. सकाळी बैलांना वैरण टाकून झाल्यावर टायरगाडीची चाकं उतरवली आणि वंगण भरायला बसले. साखर कारखान्यात मोळी पडून गाळप सुरू झाल्याला आठवडा झाला. आपल्या उसाला तोड कधी मिळते हे कारखान्याची चिठ्ठी हातात पडेल तेव्हा कळेल, पण गाडी तयार पाहिजे. आमचे हे कारखान्यात पाळीवर जातात, त्यामुळे रान, जनावरं आणि गाडी माझ्याकडे. जुनं वंगण काडीने उकरायचं, रॉकेलने धुवायचं, नवं बोटाने दाबून भरायचं. यात विचार करण्यासारखं काही नसतं.

हात पुसायला रद्दीतला पेपर ओढला. जुलैचा होता. माझ्या काळ्या अंगठ्याच्या शेजारीच बातमी: विलायतेतली ती जुनी, नामांकित मोटार कंपनी जर्मन लोकांनी विकत घेतली. मी तो कागद बाजूला ठेवला आणि हात पुसायला दुसरा घेतला. मग बराच वेळ चाक मांडीला टेकवून तशीच बसून राहिले. दोन वर्षं झाली, तरी त्या कंपनीचा विषय निघाला की माझं असंच होतं. कुणी पाठीत बुक्का मारून निघून जावं आणि वळून बघितलं तर कुणीच नसावं, तसं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन माणसांची आडनावं जोडून केलेलं ते नाव जगाला ठाऊक आहे, आणि आमच्या घरात ते कधी कुणी घेतलंही नाही. माझे सासरे मोटारीला ‘बाईसाहेब’ म्हणत. मुलं त्यांना आबा म्हणतात, गावही आबाच म्हणतं, म्हणून मीही.

हंगाम आलेला आधी कानाला कळतो. आमचं रान सणसरच्या शिवारात, रस्त्याला लागून. भवानीनगरच्या कारखान्याच्या वाटेला उसाच्या गाड्या लागल्या की दिवसभर करकर, खडखड, कुईकुई. प्रत्येक गाडीचा आवाज निराळा. कुणाची गाडी कुठल्या वळणावर आली हे चुलीपुढे बसून सांगणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत, मीही सांगते. मग वाऱ्याची दिशा बदलली की मळीचा आंबूस वास, आणि धुराड्याची काजळी. वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके पडतात ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी ते घासून घासून हात सोलून घेतले होते. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं. हंगामाचं धोतर हाय ते.” त्यानंतर मी घासलं नाही.

त्याच वर्षी मोटार पहिल्यांदा पाहिली. गोठ्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडात उभी होती, आमच्या दोन खोल्यांपेक्षा लांब. नाक उंच, पुढे जाळीचा दरवाजा असावा तसं. टप फाटलेला, त्यावर कडबा रचलेला. मागच्या गादीवर कांद्याचं बी वाळत घातलेलं. मी माहेरची मॅट्रिक झालेली, पण असली मोटार पुस्तकातही बघितली नव्हती. तरी मला काही फार वाटलं नाही. शेडात जागा अडवून बसलेली वस्तू, एवढंच मनात आलं.

आबांच्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा संपला की वाडा घेऊन कोकणाकडे उतरायचे. आबा मात्र लहानपणापासून एका जागी, कारण त्यांना लोकांच्या जोंधळ्यावर राखणीला ठेवलेलं. रानातल्या उंच माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. नीरेपलीकडच्या एका लहान संस्थानाच्या राजेसाहेबांची मोटार एकदा ओढ्यात रुतली. आबांनी माळ्यावरून उडी मारली, शेजारच्या वस्तीवरचे बैल सोडून आणले आणि मोटार काढून दिली. राजेसाहेबांनी पोराला मोटार धुवायला ठेवून घेतलं. धुता धुता आबा ड्रायव्हर झाले. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजेसाहेबांच्या पागेत चार मोटारी होत्या. तीन विकल्या. चौथी जुनी, पेट्रोल पिणारी. ती त्यांनी आबांना देऊन टाकली. आबा ती चालवत सणसरला आले.

चार-सहा वर्षं मोटारीने वराती काढल्या. मग एक भाग मोडला, तो मुंबईतही मिळेना, आणि मोटार शेडात बसली ती बसलीच. पुढचा एक दिवा कधीतरी निखळला. त्याच्या आतली वाटी खोल आणि चकचकीत होती. सासूबाईंनी ती पेंडीच्या पोत्यात ठेवली. एका म्हशीला एक वाटी. तेवीस वर्षं मीही त्याच वाटीने पेंड मोजली.

आबा रोज दुपारी शेडात जाऊन मोटार पुसायचे. आणि सांगायचे. पारावर, दूध डेअरीवर, केस कापताना, कुणी ऐको न ऐको.

“ह्या मोटारीचा कर्ता लई गरीबाघरचा. बाप पिठाची गिरणी चालवायचा, ती बी बुडाली. पोरगं चार-पाच वर्साचं, लोकाच्या रानात पाखरं राखायला. माज्यावानीच.”

“आबा, सायबाच्या पोरानं पाखरं राखली?”

“का? सायबाच्या देशात पाखरं न्हाईत व्हय? का ती बी सगळी हितंच येत्यात आमच्या जोंधळ्यावर?”

लोक हसायचे. आबा पुढे चालू. तो पोरगा मोठा झाला, यंत्रं दुरुस्त करायला लागला, पैसा साठवून त्याने फ्रान्सची एक जुनी मोटार घेतली. ती वाजायची. त्याला राग आला. वाजते कशापायी, म्हणून त्याने ती सगळी खोलली आणि तिच्यापेक्षा बरी अशी स्वतःच बनवली. दुसरा जो भागीदार, तो सरदाराचा मुलगा, मोटारी विकणारा. दोघं एका हॉटेलात जेवायला भेटले आणि कंपनी ठरली. सरदाराचा मुलगा पुढे विमानातून पडून मेला. आणि मोटारीच्या नाकावर जी रुप्यासारखी बाई असते, हात मागे टाकून झेपावणारी, ती बाई म्हणे खरी होती. पहिल्या लढाईत हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीत होती, ती बोट बुडाली. आमच्या मोटारीच्या नाकावर फक्त दोन भोकं होती. राजेसाहेबांच्या घरच्यांनी ती मूर्ती आधीच काढून ठेवलेली.

“बाईला बुडवली, एकाला इमानातनं पाडला. आबा, एखाद्याला तरी घरात म्हातारा होऊन मरू द्या की,” असं न्हाव्याचा दिगंबर म्हणाला होता, आणि ते वाक्य गावात वर्षभर फिरलं.

आबांना हे कुणी सांगितलं? तर म्हणे कंपनीचा एक मेस्त्री साहेब वर्षातून एकदा संस्थानात यायचा, मोटार तपासायला. आबा त्याच्याबरोबर मोटारीखाली उताणे पडायचे. एकदा त्याने विचारलं, आधी काय करायचास? आबांनी गोफण फिरवून दाखवली. तेव्हा तो हसत सुटला आणि त्याने मालकाची गोष्ट सांगितली. मेस्त्री साहेबाला मराठी येत नव्हतं, आबांना इंग्रजी येत नव्हतं. मग कळलं कसं? “मोटारीखाली पडल्यावर कळतंय,” आबा म्हणायचे. यावर तर लोक फारच हसायचे.

मीही हसले. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडात कोंबला होता. पुढे हसू येईना, कारण ऐकून ऐकून पाठ झालं. मुलं मोठी झाली. एखादा मुलगा शाळेतून येऊन काही अचाट सांगायला लागला की आम्ही म्हणायचो, “झाली सुरू आबांची मोटार!” आबा तिथेच बसलेले असायचे. ते काही म्हणायचे नाहीत. एकदाच, सासूबाई गेल्या त्या वर्षी, मला म्हणाले, “सुमन, माजी एकच इच्छा हाय. एकदा जाणता माणूस येऊं दे. चार लोकांत म्हणूं दे, म्हातारा खोटं बोलत न्हाय.” मी म्हणाले, “येईल, आबा,” आणि भाजी चिरत राहिले.

शहाण्णवच्या हंगामात, ऐन तोडीत, गाडीचा आस मोडला.

गाडीत ऊस भरलेला, बैल जुंपलेले आणि आस मधोमध वाकून तुटला. गाडी रस्त्यात बसली. मागे सतरा-अठरा गाड्या खोळंबल्या, त्यातल्या प्रत्येकाने माझ्या माहेराची चौकशी केली. ऊस उतरून दुसऱ्या गाड्यांत घातला. शेळगावच्या निवृत्ती मेस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, हंगाम सुरू झालाय, बारामतीत आस मिळायला पंधरा दिवस लागतील. तोडलेला ऊस पंधरा दिवस कुणासाठी थांबत नाही. वाळतो, वजन जातं. मग मेस्त्री शेडाकडे बघत म्हणाले, “आस तर तुमच्या दारातच हाय की, वैनी.”

आबा तेव्हा बारामतीला दवाखान्यात होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आमचे हे त्यांच्याजवळ. विचारायला कुणी नव्हतं. म्हणजे बारामती काही परदेशात नाही, एस.टी. दर तासाला आहे. मी गेले नाही एवढंच.

“घ्या काढून,” मी म्हणाले.

मोटारीचं नाक दगडांवर उचललं, पुढची चाकं काढली, आस खाली आला. मधे खोबण असलेला, लांब, काळा. मेस्त्रींना तो दोन्ही टोकांनी कापून आखूड करायचा होता. करवतीचं एक पातं मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं लावलं तर आसावर नुसती पांढरी रेघ उठली. मेस्त्री उठून उभे राहिले, आसाकडे बघत कपाळ पुसलं. “वैनी, तीस वर्सं लोखंड कापतोय. असलं न्हाय बघितलं. हे कुणी केलं असंल?” मी म्हणाले, “पाखरं राखणाऱ्यानं.” दोघंही हसलो. शेवटी त्यांनी आस कापलाच नाही. गाडीची साटीच, म्हणजे आसावरचा सांगाडा, थोडी रुंद केली, आसाची फिरती टोकं वेल्डिंगने जाम केली आणि जीपची चाकं बसवली. संध्याकाळच्या आत गाडी उभी. मी मोटारीच्या पुढच्या बाजूवर ताडपत्री टाकली, बांधली आणि हात धुतले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीने पहिली खेप केली. गाडीवान म्हणाला, “वैनी, गाडी वाजतच न्हाय. बैलांना वाटतंय मोकळीच हाय, पळत्यात.” खरंच वाजत नव्हती. रस्ताभर करकर करणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आमची एवढा ऊस घेऊन नुसती सरकत जायची. लोक वळून बघायचे.

आबा घरी आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यात मोती पिकलेला, त्यातून उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. त्यांची बाज मी अंगणात कडुनिंबाखाली टाकली. शेडापासून लांब. दुपारी रिकामी गाडी अंगणात आली तेव्हा आबा मान तिरकी करून बसले होते.

“सुमन, गाडी आली का गं?”

“आली की.”

“नवी घेतली?”

“नाही. आस बदलला, आबा. जुना मोडला.”

“हां,” आबा म्हणाले. “बरा लागलाय.”

मी सुटकेचा श्वास टाकला. खोटं काहीच बोलले नव्हते.

मग तो रविवार. अकराच्या सुमाराला एक जुनी फियाट दारात थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उतरले. पुण्याचे लिमये, निवृत्त इंजिनियर. जुन्या मोटारींचा नाद. बारामतीत कुणीतरी सांगितलं, सणसरला एका म्हाताऱ्याकडे संस्थानची मोटार आहे, म्हणून आले. मला वाटलं, पुण्याची माणसं, चहा पिऊन, दोन फोटो काढून जातील. त्यांना मी आबांच्या बाजेजवळच खुर्ची दिली आणि चहा ठेवला. शेडाकडे नेण्याची मला घाई नव्हती.

चहा घेऊन आले तेव्हा लिमये बोलत होते आणि आबा, जन्मात पहिल्यांदा, गप्प बसून ऐकत होते.

“आबासाहेब, तुम्ही जी चालवलीत ती गाडी आम्ही लोक नुसती पुस्तकात वाचतो. तिचा इंजिनवाला अगदी तळातून वर आलेला माणूस होता. बाप गिरणीवाला, तो कंगाल होऊन वारला. आणि हा लहानपणी काय काम करायचा माहीत आहे? तुम्हाला खरं वाटणार नाही.”

आबांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळवला.

“शेतात पाखरं हाकायचा,” लिमये म्हणाले.

चहा बशीत सांडला, बशीतून माझ्या पायावर. भाजला असणार, मला काही कळलं नाही.

“सुमन,” आबा म्हणाले, “ऐकलंस?”

मी ऐकलं होतं. पुढचंही सगळं उभ्याने ऐकलं. फ्रान्सची जुनी मोटार. तिचा आवाज. त्याचा राग. सरदाराचा मुलगा, हॉटेलातलं जेवण, विमान. नाकावरची बाई कुणाची तरी सेक्रेटरी होती म्हणे, आणि ती खरोखर हिंदुस्थानकडे यायला निघालेल्या बोटीत बुडाली. लिमयांच्या तोंडून एकेक गोष्ट येत होती, आणि शब्द सोडले तर सगळं तेच, त्याच क्रमाने. तेवीस वर्षं मी जे ऐकून भाजी चिरत राहिले ते. कंपनीचे लोक ड्रायव्हरांना शिकवायला पाठवले जात, मोटारी तपासायला माणसं हिंडत, तेही खरं. मोटारीखाली उताणं पडून एका गोऱ्या मेस्त्रीने एका मेंढपाळाच्या पोराला खुणांनी सांगितलेली गोष्ट अक्षर न् अक्षर बरोबर होती. आम्ही, शाळा शिकलेली माणसं, चूक होतो.

माणूस मेल्याचा धक्का मला माहीत आहे; तो बसतो आणि कामाला लागावं लागतं. हा वेगळा होता. घरात रोज वावरणारा माणूस आपण आजवर पाहिलाच नव्हता असं भर दुपारी कळलं, आणि तो माणूस समोर बाजेवर बसून बशीतला चहा फुंकत होता.

“चला, दर्शन घडवा,” लिमये उठले.

शेडात त्यांनी आधी पेंडीच्या पोत्यातली वाटी पाहिली. उचलली, उलटी केली, रुमालाने पुसली. आतून स्वतःचा चेहरा दिसला तसे ते दचकले. “ताई, हे चांदीचं पाणी आहे. दिव्याचा आरसा आहे हा.” मी म्हणाले, “एका म्हशीला एक.” मग त्यांनी ताडपत्रीची गाठ सोडली.

दगडांवर उचललेलं ते नाक मी ताडपत्री टाकल्यापासून पाहिलं नव्हतं. पुढचे पाय तोडलेल्या जनावरासारखं दिसत होतं. लिमये खाली बसले, वाकून पाहिलं.

“पुढचा आस कुठे आहे?”

मी तोंड उघडलं, पण आवाज माझा निघाला नाही. मागून निघाला. आबा भिंत चाचपत शेडाच्या दारापर्यंत आले होते.

“गाडीला लावलाय,” आबा म्हणाले. “ऊस ओढतोय.”

मी पेंडीच्या पोत्यावर बसले. लिमयांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शहाण्या माणसासारखं एकच विचारलं, “कापला का?”

“करवतच लागली नाही,” मी म्हणाले. “दोन पाती मोडली.”

लिमये हसले की रडायच्या बेतात आले हे सांगता येणार नाही. दोन्हींच्या मधलं काहीतरी झालं. त्या पोलादाने स्वतःला वाचवलं, असं म्हणाले. मोटार पुण्याला न्यायची, दोन-तीन वर्षं लागली तरी पूर्ववत करायची, त्यासाठी आस आजच द्या, तुम्हाला बदली आस मी आणून देतो, असं त्यांचं म्हणणं. आबांनी मान हलवली.

“ऊस जाऊं द्या आदी. मोटार चाळीस वर्सं थांबलीया. ऊस न्हाय थांबत.”

होळीच्या सुमाराला या, असं ठरलं. लिमयांना पुढे इंदापूरला जायचं होतं. आमचे हे पाळीवर, मुलं बारामतीला कॉलेजात, शेजारी सगळे तोडीत. फियाट गेली तेव्हा अंगणात आबा होते, मी होते आणि दोन शेरडं.

मी त्यांना बाजेवर बसवलं. विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“दवाखान्यातनं आलो त्याच दिशी. बैलांचा श्वास ऐकू आला आन् गाडी आल्याली कळलीच न्हाय. असं न वाजणारं एकच लोखंड म्या पाहिलंय.”

“मग बोलला का नाही?”

“तू बोलतीस का बघत व्हतो.” आबा थांबले. “नऊ दिस बघितलं.”

मी चुकले म्हणाले. त्यांनी हाताने उडवून लावलं.

“मला इचारलं असतंस तर म्या न्हाय म्हणलो असतो. म्हणून इचारलं न्हायस. व्हय का न्हाय?”

“होय.”

“मग झालं तर. आस चांगल्या कामाला लागला. ते न्हाय माझं दुखणं.” मग ते एकदम हसायला लागले, पट्टीखालून पाणी येईपर्यंत. डोळ्याला धक्का नको म्हणून मी त्यांचं डोकं धरलं. “चाळीस वर्सं वाट बघितली जाणत्या माणसाची. आला. बोलला. आन् ऐकायला कोण व्हतं? तू आन् दोन शेरडं!”

हसणं ओसरल्यावर ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुपारी जेवले नाहीत. मी दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा म्हणाले, “पुना कोण येतंय इतक्या लांब. म्या तवर न्हाय तर न्हाय. खोटाच गेलो म्हणायचं.”

लिमये आले, होळी झाल्यावर आठवड्याने, मोठा ट्रक घेऊन. मी आस पुसून, वंगण लावून ठेवला होता. वाटीही दिली, आता पेंड मोजायला प्लास्टिकचा मग आहे, कडेने फुटलेला. गेल्या महिन्यात लिमयांनी फोटो पाठवला. मोटारीला अजून टप नाही, एक दार नाही, पण नाक ताठ आहे, आणि उजेड पडला की दिव्यात आभाळ दिसतं. ती कधी आमच्या शेडात होती हे मलाच पटेना. आबा आता एकोणऐंशीचे आहेत. डोळे चांगले झाले, कान गेले. आज वंगणाचे हात धुऊन मी त्यांच्या कानाशी बसले आणि ओरडून ती बातमी वाचून दाखवली, कंपनी जर्मनांनी घेतल्याची.

“मालक बदलला म्हंजी मोटार बदलत न्हाय,” आबा म्हणाले. “आमचा बी राजा गेला, मोटार हितंच व्हती.” आणि डोळे मिटले. मोटारीचं ते आता स्वतःहून काही सांगत नाहीत. विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवतात.

लिमये पहिल्यांदा येऊन गेले तो रविवार मी कामातच काढला. भाकरी केल्या, धारा काढल्या, भांडी घासली. पण मनात एकच घोळत होतं: जाणत्या माणसाने चार लोकांत म्हणायला हवं होतं ते तो माझ्या एकटीपुढे म्हणून गेला. साक्षीला मी. दुसरं कुणी नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी दुधाचा कॅन घेऊन डेअरीवर गेले. पंधरा-वीस माणसं रांगेत होती. काट्यावर बापू, म्हणजे डेअरीचा मापाडी. न्हाव्याचा दिगंबर, निवृत्ती मेस्त्रींचा भाऊ, आमच्या शेजारचे तात्या, सगळे ज्यांनी आबांना वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मी रांगेत उभी राहिले नाही. पुढे गेले आणि म्हणाले, “आबा मोटारीचं जे सांगतात ते सगळं खरं आहे. पाखरं राखल्याचंसुद्धा. काल पुण्याचे इंजिनियर आले होते, त्यांनी आपणहून सांगितलं. मी कानांनी ऐकलं.”

मग दिगंबर म्हणाला, “सायेब आदी आबाला भेटला का आदी मोटारीला?”

“आबांना.”

“मग झालं. आबानं सांगितलं, सायबानं मान हलवली. पुण्याची माणसं लई मोठ्या मनाची.”

सगळे हसले. “आन् ती बुडाल्याली बाई?” तात्यांनी विचारलं. “ती बी खरी,” मी म्हणाले. त्यावर आणखी हसले, पण जरा दबून, कारण मी आबा नव्हते. मी हिशोबाने वागणारी, कामाची बाई होते. बापूने फॅटची बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. “वैनी,” तो हळूच म्हणाला, “म्हातारा आजारी हाय, आमाला समजतंय. तुमी शिकलेल्या. तुमी मनाला लावून घेऊ नगा.”

ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं आबांकडे बघताना ती माझ्या डोळ्यांत असायची. तिथून पुढे काही बोलता येत नाही. आपण जितकं ठासून बोलू तितकी समोरच्याची माया वाढत जाते. चाळीस वर्षं आबा या मायेपुढे उभे राहून बोलत होते.

मागून कुणीतरी म्हणालं, “वैनी, दूध नासंल.”

मी कॅन काट्याजवळ खाली ठेवला, झाकणावर बसले आणि म्हणाले, “नासू द्या. त्या पोराचा बाप पिठाची गिरणी चालवायचा.”